पकडायचा आणि सोडून द्यायचा

…आणि सोडून द्यायचा! नाही, हसू नका, मी चेष्टा करत नाहीये, मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा! म्हणजे सकाळी उठायचं, छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार चढवायची, जिच्यात माणूस अर्धवट सोललेल्या केळ्यासारखा दिसतो, बर्फासारख्या गार नदीत कमरेपर्यंत जाऊन उभं राहायचं, तासन्‌तास ती दोरी हवेत फिरवत राहायची, आणि एवढं करून एखाद्या बिचाऱ्याला गळ लागला की त्याला अलगद हातात घ्यायचं, 'थँक यू' म्हणायचं… हो, थँक यू! माशाला! आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. अहो, मग पकडला कशाला? तो तिथेच होता की! तुम्ही तुमच्या जागी होतात, तो त्याच्या जागी होता, दोघांचं बरं चाललं होतं! अख्खा उन्हाळा मी हे बघितलं. या डोळ्यांनी! आणि तुम्हाला सांगतो, मी काही बोललो? एक अक्षर नाही!

आता तुम्ही म्हणाल, अरुणराव, मासा सोडला तर सोडला, त्यात एवढं काय? तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही वरणभातवाले. आम्ही कर्णिक, ठाण्याचे सीकेपी, आमच्याकडे बाळाला बारशात पाळण्यात घालतात तेव्हा शेजारी सुरमईचा तुकडा ठेवत नाहीत एवढंच. आणि लग्न कुणाशी झालं? उल्काशी! नागपूरची, शुद्ध शाकाहारी, अंड्याचा केक म्हटलं तरी खिडक्या उघडणारी. लग्न ठरतानाच अट, घरात मासा शिजणार नाही. बरं, म्हटलं. इथे ॲन आर्बरला घर घेतलं तेव्हा मला वाटलं, मोठं घर आहे, चार भिंती जास्त आहेत, अट जरा सैल होईल. झाली! घरात नाही, गॅरेजमध्ये चालेल म्हणाली. म्हणजे बाहेर मिशिगनचा जानेवारी, गॅरेजचं दार अर्धं वर, खाली बर्फ आत येतोय, आणि मी ओव्हरकोट, मफलर, हातमोजे घालून कॅम्पिंगच्या स्टोव्हवर बांगडा तळतोय! शेजारच्या गोऱ्यानं दोनदा फायर ब्रिगेड बोलावली. मी काही बोललो? एक अक्षर नाही! म्हणजे त्याला बोललो. तिला नाही.

तर आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. मी गाड्यांच्या ब्रेकमधला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवण्याचं काम केलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मायक्रोस्कोपला डोळा लावून. नोकरी असताना आमचा संसार कसा सुरळीत होता! संध्याकाळी मी घरी येणार, मी बोलणार, ती 'हं' म्हणणार. मी म्हणालो, आज मीटिंगमध्ये त्या गाढवाला असा झापला, ती 'हं.' मी म्हणालो, चहात साखर कमी आहे, ती 'हं.' नवराबायकोत आणखी काय लागतं? आता रिटायर झाल्यावर मी म्हटलं, बिचारीला इतकी वर्षं फक्त संध्याकाळ मिळाली माझी, आता दिवसभर मिळेल! सकाळी उठल्यापासून सुरू केलं. पेपर वाचून दाखवायचा, त्यावर माझं मत सांगायचं, मग त्या मतावर लोक काय म्हणतील ते सांगायचं, मग त्यांचं कसं चुकतं ते. तर ही काय करायला लागली? कोथिंबीर आणायला जायला लागली. दिवसातून तीनदा! अहो, घरात माणसं दोन, कोथिंबीर लागते किती? एकदा बराच वेळ झाला, आली नाही म्हणून बघायला गेलो, तर गॅरेजमध्ये गाडीत बसलेली. इंजिन बंद, काचा वर, हात स्टिअरिंगवर. मी काचेवर टकटक केली. म्हटलं, 'काय करतेस?' म्हणाली, 'काही नाही. बसलेय.' वय झालं हो तिचं. मी तेव्हाच म्हटलं.

आमची मुलगी नैना तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असते. तिला फोनवर सांगितलं, तुझी आई गाडीत बसते. तर ती पोरगी, इथे जन्मलेली, तिला मराठी कळतं सगळं, पण बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते, ती म्हणते, 'बाबा, यू गाइज नीड टू गेट आउटडोअर्स. यू नीड अ हॉबी. मॉम नीड्स एअर.' एअर! घरात सेंट्रल एअर आहे, मी स्वतः फिल्टर बदलतो! पण ऐकलं मी. मुलीचं ऐकावं. एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला, गाडीच्या मागे जोडला, आणि निघालो उत्तरेला, ग्रेलिंगच्या पलीकडे, जिथे ट्राउटच्या नद्या आहेत. अख्ख्या उन्हाळ्याची जागा घेतली कॅम्पग्राउंडवर, नदीच्या काठाला. उल्काला वाटलं निसर्ग. मी ट्रेलरच्या कपाटात काय भरलं होतं? रवा. कोकम. मालवणी मसाला. आईचा बिडाचा तवा. ट्राउट म्हणजे काय चव असेल हो! गोड्या पाण्यातला, ताजा, फडफडता, आणि तिथे गॅरेज नाही, घर नाही, म्हणजे अटही नाही! अख्खी वाट मी तिला समजावून सांगत होतो की रवा आधी लावायचा की मसाला आधी. ती 'हं' म्हणत होती. खिडकीकडे बघून.

तिथे शिकवायला बाई होती, डॉटी. वाळलेल्या बोंबलाला बेसबॉलची टोपी घातली तर कसा दिसेल? तशी. सत्तरीच्या पुढची, विधवा, नदीकाठी तिचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. ती म्हणाली, इथे गांडूळ चालत नाही, आमिष चालत नाही, फक्त फ्लाय. फ्लाय म्हणजे माशी. म्हणजे खोटी माशी, पिसांची, दोऱ्याची, गळावर बांधलेली. माशीनं मासा पकडायचा! आणि नदीच्या या भागात नियम असा की पकडलेला प्रत्येक मासा जिवंत सोडायचा. प्रत्येक! मी म्हटलं, 'एकसुद्धा नाही?' ती म्हणाली, 'नॉट वन, हनी.' तिकडे माझा तवा ट्रेलरमध्ये तापायच्या आधीच गार पडला. पण मी काही बोललो? एक अक्षर नाही! फक्त तिला एवढंच समजावलं की मत्स्यसंवर्धनाची ही पद्धत मुळात कशी चुकीची आहे, मग ती दोरी फेकून दाखवत होती तेव्हा तिच्या कोपराचा कोन कसा चुकतोय, बल कुठे वाया जातंय, ब्रेकच्या पेडलचं उदाहरण देऊन… तर तिनं सिगारेट बाजूला केली आणि म्हणाली, 'हनी, ट्राउटच्या नदीत नियम एकच. गप्प राहायचं.' मी म्हटलं, 'का? ट्राउटला ऐकू येतं?' म्हणाली, 'तुमचं? तुमचं कॅनडापर्यंत ऐकू जातंय.'

आणि उल्का हसली. मोठ्यानं! मला आधी वाटलं ठसका लागला, मी पाठीवर थोपटायला गेलो.

मग बघा तमाशा. ही बाई, जिनं जन्मात मासा ताटात पाहिला नाही, तिनं पहिल्याच दिवशी ती केसासारखी दोरी त्या एवढ्याशा माशीच्या एवढ्याशा डोळ्यातून ओवली आणि गाठ मारली, एका झटक्यात! मायक्रोस्कोपचे हात ते. मी माझ्या अंगठ्याला गाठ मारली होती. आणि मग ती पाण्यात उतरली, मनगट असं हलवलं, जणू कुणाला तरी 'असू दे' म्हणतेय, आणि दोरी गेली, अलगद जाऊन पडली, आणि लागला! ट्राउट! अंगावर ठिपके, सोन्यासारखं पोट, उन्हात असा चमकला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं ते नदीत मिसळलं असेल. मी काठावरून ओरडलो, 'उल्का! धर! सोडू नकोस!' तिनं माझ्याकडे बघितलं. मग माशाकडे बघितलं. मग तो दोन्ही हातांत धरून पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून ठेवला, तसं करतात म्हणे, म्हणजे त्याला दम घेता येतो, आणि जरा वेळ तशीच वाकून उभी राहिली, आणि म्हणाली, 'थँक यू', आणि सोडला. माझ्यासमोर! रवा लावायच्या अंतरावर!

असा उन्हाळा. ती धरायची, सोडायची, धरायची, सोडायची. मला एक लागला नाही. एक! मला काय काय लागलं सांगतो: झाडाची फांदी, माझी टोपी, माझा कान, आणि एकदा डॉटीची टोपी. आणि एक दिवस दगडावरून पाय सटकला आणि मी पाण्यात. त्या रबरी विजारीत वरून पाणी शिरलं की माणसाची पखाल होते हो! मी वाहत निघालो! उताणा! आणि ही नदी म्हणजे सुट्टीत कॉलेजच्या पोरापोरींनी भरलेली, कनूमध्ये, म्हणजे त्या लांबट होड्यांमध्ये, बिअरचे खोके, आमच्याच ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीची कार्टी, ती मला वाहताना बघून ओरडतायत, 'गो ब्लू! गो ब्लू!' जणू त्यांच्या टीमची फुटबॉलची मॅच चाललीय! एकानं मला बिअरचा कॅन फेकून दिला! आणि मी उल्काच्या शेजारून गेलो. शेजारून! हात लांब केला असता तर धरला असता. मी ओरडलो, 'उल्का! उल्का! मी बुडतोय! आणि मी तुला आधीच सांगितलं होतं की हे बूट गुळगुळीत आहेत, पण तू…' आणि मी पुढे गेलो. पुढच्या वळणावर एका मुळाला अडकलो. नंतर विचारलं तिला, 'मी बुडत होतो, तू हललीसुद्धा नाहीस?' शांतपणे म्हणते, 'माझ्या दोरीला मासा होता.' म्हटलं, 'आणि मी?' म्हणते, 'तुमचं डोकं वर होतं. बोलत होतात. म्हणजे श्वास चालू होता.'

मी काही बोललो? एक अक्षर नाही! रात्रीपर्यंत तोच एक विषय लावून धरला, पण मुद्द्याचं असं एक अक्षर नाही.

त्यात वीकेंडला आला तो सिद्धेश. आपल्या मंडळाचा, हो, तोच, व्हिसावर आलेला, दाढीवाला, काका काका करत पायात येणारा. फोटो काढायची हौस. त्यानं उल्काचा फोटो काढला, हातात हा एवढा ट्राउट, मागे नदी, आणि टाकला मंडळाच्या ग्रुपवर: 'उल्का काकू रॉक्स!' तुम्ही सगळ्यांनी अंगठे टाकलेत, माहीत आहे मला. हृदयं टाकलीत. आसावरीताईंनी तर नऊवारीतली नाचणारी बाई टाकली. मला सांगा, त्या फोटोत उजव्या कडेला जाळी धरलेला एक हात आहे, तो कुणाचा आहे असं एकानं तरी विचारलं? माझा हात आहे तो! बाकीचा मी कापलाय! मी सिद्धेशला म्हटलं, 'अरे, मला का कापलंस?' तर म्हणतो, 'काका, तुमचं तोंड उघडं होतं. सगळ्या फोटोत.'

त्यानंतर उल्का एक वळण पुढे जायला लागली. म्हणजे मी इथे, ती त्या वळणापलीकडे. मी तिथे गेलो की ती त्याच्या पुढच्या वळणाला. डॉटी म्हणायची, मी पाण्याजवळ आलो की मासे जातात. बरं, बसलो काठावर खुर्ची टाकून. येणाऱ्या जाणाऱ्या कनूंना थांबवून चार गोष्टी सांगायच्या. पण त्या नदीला प्रवाह आहे हो, माणूस ऐकायला थांबतच नाही, 'मी ब्रेकमध्ये होतो' एवढं म्हणेपर्यंत निघून जातो.

आणि मग तो आला आमच्या आयुष्यात. आजोबा. त्या वरच्या वळणाला नदीत आडवं पडलेलं एक देवदाराचं झाड होतं, त्याच्या खाली एक म्हातारा ब्राऊन ट्राउट राहायचा. प्रचंड. जबडा असा पुढे आलेला, आमच्या सासऱ्यांसारखा. उल्कानं त्याला उन्हाळ्यात एकदा पकडला, सोडला, मग पुन्हा पकडला, पुन्हा सोडला, आणि नाव ठेवलं आजोबा. रोज त्याच्याकडे जायची. नुसती! एक दिवस मी हळूच मागून गेलो, झुडपात उभा राहिलो. म्हटलं बघू तरी काय चालतं. तर ही त्या झाडावर बसलेली, पाय पाण्यात, गळाची काठी बाजूला ठेवलेली, आणि बोलत होती! माशाशी! अहो, जिनं मला 'हं'च्या पुढे दुसरं अक्षर दिलं नाही, ती बोलत होती! लॅबमधलं काहीतरी, तिच्या आईचं काहीतरी, नैना लहानपणी एकदा कशी हरवली होती ते… ते मलाही माहीत नव्हतं. म्हणजे नैना हरवल्याचं मला माहीतच नव्हतं! आणि मधेच थांबून, सुस्कारा टाकून म्हणते, 'आज सकाळपासून हे फार बोलले हो, आजोबा. डोकं दुखतंय माझं.'

माझ्याबद्दल. माझ्याबद्दल म्हणाली ती. माशाला.

मी परत आलो. हळूच. तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मी जेवताना गप्प होतो. तिनं विचारलं, 'बरं वाटत नाहीये का?' आणि थर्मामीटर आणला.

मग एक दिवस डॉटी आणि ती गावात गेल्या, किराणा आणायला. मी एकटा. माझ्या मनात काही नव्हतं हो! म्हणजे एवढंच होतं की मीही पकडू शकतो हे तिला दिसावं. एवढंच! तिचे ते आजोबा हातात धरून उभं राहायचं, तिनं वळणावरून यायचं, बघायचं, आणि म्हणायचं, 'अय्या! तुम्ही?' बस. पुढे सोडूनही दिला असता, आईशप्पथ. तर मी कॅम्परच्या मागे जरा माती उकरली, एक गांडूळ काढलं. चालत नाही, माहीत आहे मला! पण मला ती गाठ येत नाही ना, माशीची! गेलो देवदाराखाली, सोडलं गांडूळ. आणि काय सांगू तुम्हाला… दोरीला असा हिसका बसला की खांद्यापर्यंत गेला. जन्मात पहिला मासा! कसा ओढला, कसा जाळीत घेतला, काही आठवत नाही, पण घेतला. आजोबा! माझ्या हातात! जड, गार, आणि जिवंत हो… आत काहीतरी धडधडत होतं, त्याचं की माझं कळत नव्हतं.

मी ओरडलो, 'उल्का!' कोण असणार तिथे? कुणी नाही. म्हटलं, व्हिडिओ करू. फोन फांदीत अडकवला, मासा समोर धरला, आणि सुरू केलं, 'उल्का, हे बघ, ओळखलंस का कोण आहे? आता कसा पकडला ते सांगतो, म्हणजे तुला कळेल की यात तंत्र असतं, पहिली गोष्ट म्हणजे…'

तो व्हिडिओ आहे माझ्याकडे. मी बघितला नंतर. आधी त्यात आम्हा दोघांची तोंडं हलतायत. मग एकाचंच.

मी त्याला पाण्यात घातलं हो! ती करते तसं, प्रवाहाकडे तोंड करून! धरून ठेवलं! पाठीवरून हात फिरवला! म्हटलं, 'चल रे, चल, दम घे, मी गप्प बसतो.' हात काढला की तो आडवा व्हायचा. परत सरळ केला. परत आडवा. पोट वर. पाणी एवढं गार, आणि मला घाम.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? तसाच सोडला असता, म्हणजे ती आल्यावर पोट वर करून तिच्याच पायाशी तरंगत आला असता? पुरला असता? अस्वलं उकरतात तिथे. मला काही सुचेना. आणि मेलेला मासा हातात असला की आम्हा कर्णिकांना सुचून सुचून एकच सुचतं. साफ केला. चिरा दिल्या. आलं-लसूण, कोकम, मसाला, रवा. आईचा तवा. रडत होतो की काय माहीत नाही, मसाल्यानंही डोळ्यांतून पाणी येतं. आणि खमंग असा वास सुटला त्या जंगलात, की… नको, सांगत नाही.

आणि गाडीचं दार वाजलं. लवकर आल्या.

उल्का तव्याजवळ आली. डोकं मी वेगळं काढलं नव्हतं. आम्ही डोकं ठेवतो. तो पुढे आलेला जबडा, रव्यात. ती बघत राहिली. मी काही बोललो? एक अक्षर नाही. खरंच नाही हो या वेळी, तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. आणि ती म्हणाली, 'ताट द्या.'

मला वाटलं, खातेय! अहो, खरंच वाटलं! म्हटलं, शेवटी मन वळलं, आता दोघं बसून… मी घाईघाईनं ताट घेतलं, आजोबांना अख्खं उचलून त्यात ठेवलं, वर लिंबू पिळलं! लिंबू पिळलं मी! कोथिंबीर भुरभुरवली! तिनं ताट घेतलं, आणि सरळ चालत नदीत गेली. अंगात साधा सलवार-कमीज, ती रबरी विजारसुद्धा नाही, पायात चपला. कमरेपर्यंत गेली. ताटातून तो तळलेला मासा दोन्ही हातांत घेतला, पाण्यात धरला. प्रवाहाकडे तोंड करून. आणि वाकून उभी राहिली, तशीच, रोज उभी राहायची तशी, त्याला दम येईपर्यंत. रवा सुटत होता, मसाल्याचा लाल तवंग पसरत होता, कोथिंबिरीचं एकेक पान वाहत चाललं होतं, आणि ती थांबून होती. किती वेळ! मग म्हणाली, 'थँक यू.' आणि सोडला.

काठावर डॉटीनं टोपी काढून छातीशी धरली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'गांडूळ लावून पकडलास ना? नियमानं मी तुझी तक्रार करायला पाहिजे, हनी. पण नाही करत. तुझं याहून वाईट होणार आहे.'

झालंच. दुसऱ्या दिवशी मी ट्रेलर गाडीला जोडला, म्हटलं, चल, पुरे झाला उन्हाळा. उल्का पायरीवर बसून माशी बांधत होती. म्हणाली, 'तुम्ही जा. मी थांबते.' म्हटलं, 'कुठे?' म्हणाली, 'डॉटीच्या वरच्या खोलीत. तिच्या दुकानासाठी माश्या बांधीन.' म्हटलं, 'अगं, किती दिवस?' म्हणाली, 'नदीचा हा भाग मासेमारीला वर्षभर उघडा असतो.' म्हटलं, 'एका माशासाठी? एका माशासाठी तू मला…' तर तिनं हातातलं काम खाली ठेवलं, आणि बोलली. एवढं सलग मी तिला लग्नानंतर बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, 'माशासाठी नाही. अहो, नदीपण दिवसभर बडबडत असते. पण ती माझ्याकडून हं मागत नाही.' आणि परत काम हातात घेतलं.

मी काय म्हणणार यावर? पुष्कळ म्हणालो. माश्या बांधून होईपर्यंत म्हणालो. मग गाडी सुरू केली आणि आलो. वाटेत शेजारची सीट रिकामी, सीटबेल्टचा तो लाल दिवा नाही, काही नाही. नैनाला फोन केला. म्हटलं, 'तुझी आई तिथेच राहिली.' मला वाटलं पोरगी घाबरेल. ती म्हणाली, 'ओह, गुड फॉर हर!' मग आठवलं तिला, म्हणाली, 'अँड बाबा, आर यू ओके?' मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, मीटिंग आहे.

पण मी रोज संध्याकाळी फोन करतो उल्काला. संसार आहे शेवटी! आणि तुम्हाला एक सांगू? फोनवर फार छान ऐकते ती. फार बदललीय. 'हं, बोला' म्हणते सुरुवातीला, आणि मग मी बोलतो, मन भरेपर्यंत बोलतो, एकदासुद्धा 'कुकर लावायचाय' नाही, 'कोथिंबीर संपलीय' नाही. नुसता श्वास ऐकू येतो. जड, खोल. एकदा तर असा मोठा सुस्कारा टाकला की मी म्हटलं, 'रडू नकोस गं, चुकतं माणसाचं, मी पण थोडा चुकलो असेन.' आयुष्यात कुणाला असं म्हणालो नव्हतो मी. पलीकडून काही तरी हुंकारल्यासारखं आलं. मला इतकं बरं वाटलं, त्या रात्री झोप लागली.

आणि परवा फोन उल्काऐवजी डॉटीनं उचलला. म्हणाली, 'ओह, इट्स यू, हनी. वन मिनिट, वॉल्टरला बोलावते.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली! वॉल्टर कोण? या वयात? माझ्या बायकोला आलेला फोन घेणारा हा वॉल्टर कोण? मी ओरडलो, 'हू इज वॉल्टर?' ती म्हणाली, 'माझा कुत्रा.' म्हणे उल्का फोन स्पीकरवर टाकते, पायरीवर ठेवते आणि नदीवर जाते. वॉल्टर फोनसमोर येऊन बसतो. मी म्हटलं, 'रोज?' म्हणाली, 'रोज. शेवटपर्यंत. जागचा हलत नाही.' आता तुम्हाला सांगतो, मला राग यायला पाहिजे होता, पण कुठेतरी आत… म्हटलं, चला, एक जीव तरी आहे. मी म्हटलं, 'फारच समजूतदार कुत्रा दिसतोय.' तर ती म्हातारी खोकत खोकत हसली आणि म्हणाली, 'समजूतदार कसला, ठार बहिरा आहे तो, हनी. म्हणून तर त्याला निवडला आम्ही.'

मी काही बोललो? आता बोलून कुणाला ऐकू जाणार आहे! काल परत फोन केला. उल्का म्हणाली, 'हं, बोला.' मी म्हटलं, 'नाही, तू जा नदीवर, उशीर होईल. फक्त एवढंच सांग… वॉल्टरचं जेवण झालंय ना?'